येत होतं, पण आठवलं नाही

सतराचा पाढा घरी आजीसमोर घडाघडा म्हणून आलेला मुलगा वर्गात फळ्यापाशी उभा राहतो. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत गाडी नीट चालते. 'सतरा सक' म्हटल्यावर मात्र पुढचा आकडाच येत नाही. तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते. वर्गात कुणीतरी फिसकन हसतं. मग जे येत होतं तेही जातं.

आपण विचारतो, "पाठ केला नाहीस ना?" तो म्हणतो, "केला होता सर, घरी येत होता." आपला विश्वास बसत नाही. हे उत्तर आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ती एक सबब आहे असंच आपण धरून चालतो.

त्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य असेल का? घरी खरोखर येत असलेली गोष्ट, केवळ घाबरल्यामुळे, नेमकी हवी तेव्हा नाहीशी होऊ शकते का? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झालेल्या संशोधनावरून याचं उत्तर 'होऊ शकते' असं द्यावं लागतं. त्यामागे मेंदूत आणि रक्तात स्रवणारी काही रसायनं आहेत. ती कोणती, ती काय करतात आणि मुख्य म्हणजे ती थांबतात कशी, हे या लेखात आपण पाहू.

भुंकणारा कुत्रा आणि बाकावरचे खेळाडू

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पचनाचा अभ्यास करत होते. क्ष-किरणांचा शोध नुकताच लागलेला होता. मांजराला खाऊ घालून त्याच्या जठराची हालचाल ते क्ष-किरणांच्या मदतीने पाहत. मांजर चिडलं किंवा घाबरलं की जठराची हालचाल एकदम थांबते, हे त्यांच्या लक्षात आलं. पोटाला काही इजा झालेली नसताना पोट थांबतं, याचं त्यांना कुतूहल वाटलं.

पुढे १९११ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग केला. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या अधिवृक्क ग्रंथी. या ग्रंथींजवळच्या शिरेतून त्यांनी शांत बसलेल्या मांजराचं रक्त घेतलं. मग मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि पुन्हा रक्त घेतलं. आतड्याच्या स्नायूची एक पट्टी त्यांनी आळीपाळीने या दोन्ही रक्तांत ठेवली. ही पट्टी स्वतःहून लयीत आकुंचन पावत असते. शांत मांजराच्या रक्तात तिची लय चालू राहिली. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली. अधिवृक्क ग्रंथीतून मिळणारं ॲड्रेनॅलिन पट्टीवर टाकलं तरी हेच होतं. म्हणजे भीतीमुळे रक्तात ॲड्रेनॅलिन उतरलं होतं. कुत्र्याने मांजराला स्पर्शही केलेला नव्हता.

माणसांचं काय? १९१३ साली हार्वर्डच्या फुटबॉल संघाचा हंगामातला शेवटचा, अटीतटीचा सामना झाला. त्यानंतर लगेच २५ खेळाडूंची लघवी तपासण्यात आली. १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. ॲड्रेनॅलिनमुळे यकृतातली साखर रक्तात येते, ती फार झाली की लघवीत उतरते. पण यातली गंमत पुढेच आहे. या १२ जणांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बाकावर बसून होते!

कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात आणखी एक नोंद दिली आहे. ती आपल्याला जास्त जवळची वाटेल. वैद्यकीय शाखेच्या नऊ विद्यार्थ्यांपैकी चौघांच्या लघवीत एका अवघड परीक्षेनंतर साखर आढळली. सोप्या परीक्षेनंतर ती फक्त एकाच्या लघवीत आढळली.

कुत्रा, सामना, परीक्षा. शरीराला प्रत्यक्षात काहीच झालेलं नाही. तरी शरीर लढाईच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागलं. याचा अर्थ ही तयारी संकटामुळे होत नाही, 'हे संकट आहे' असं मेंदूने ठरवल्यामुळे होते.

पहिली लाट: काही सेकंदांची

मेंदूत आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. त्याला ॲमिग्डाला म्हणतात. धोका ओळखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याच्याकडून इशारा मिळताच हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला छोटासा भाग कामाला लागतो. तिथून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातून, अनुकंपी चेतातंतूंवाटे शरीरभर जातो. या तंतूंच्या टोकांपाशी नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन बाहेर पडतं. अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यालाही हाच संदेश मिळतो आणि तिथून ॲड्रेनॅलिन रक्तात सोडलं जातं.

मग काय होतं ते सर्वांच्या अनुभवाचं आहे. हृदय जोरात धडधडू लागतं. श्वासनलिका रुंदावतात. यकृत साखर सोडतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. त्वचेकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. पचन थांबतं, लाळ आटते, म्हणून तोंडाला कोरड पडते. वाघ समोर उभा असताना दुपारचं जेवण पचवत बसण्यात अर्थ नसतो. जे काम नंतर केलं तरी चालेल ते बंद करायचं आणि सगळी शक्ती हातापायांकडे द्यायची, असा हा हिशेब आहे.

रक्तातलं ॲड्रेनॅलिन मेंदूत मात्र फारसं शिरू शकत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याला अडवतात. मेंदूची स्वतःची वेगळी सोय आहे. मेंदूच्या देठात दोन्ही बाजूंना चेतापेशींचा एकेक चिमुकला पुंजका असतो. तो निळसर दिसतो, म्हणून त्याचं लॅटिन नावच 'निळी जागा' अशा अर्थाचं आहे. या पेशींची संख्या काही हजारांतच मोजण्याइतकी आहे, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरलेले असतात. धोक्याच्या वेळी त्या मेंदूभर नॉरॲड्रेनॅलिन शिंपडतात. झोपेतून दचकून जागं झाल्यावर क्षणात सगळं लख्ख जाणवतं, ते यामुळे.

ही लाट येते तशी लवकर ओसरतेही. रक्तातलं निम्मं ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांतच नाहीसं होतं.

दुसरी लाट: मिनिटांची आणि तासांची

धोका लांबला तर? त्यासाठी दुसरी, सावकाश चालणारी व्यवस्था आहे. शाळेत मुख्याध्यापकांची सूचना जशी कार्यालयातून वर्गावर्गात पोहोचते, तसा इथे निरोप तीन टप्प्यांत जातो.

पहिला टप्पा हायपोथॅलॅमसचा. तो सीआरएफ नावाचं रसायन सोडतो. हे रसायन सगळ्या शरीरात फिरत नाही. हायपोथॅलॅमस आणि त्याखाली लटकणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी यांना जोडणाऱ्या खास सूक्ष्म रक्तवाहिन्या आहेत, त्यांतून ते थेट पीयूषिकेकडे जातं. दुसरा टप्पा पीयूषिकेचा. ती एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते. तिसरा टप्पा अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या थराचा. एसीटीएच पोहोचल्यावर तो थर कॉर्टिसॉल तयार करू लागतो.

यातला पहिला निरोप्या शोधायला फार वेळ लागला. असं एखादं रसायन असलं पाहिजे हे १९५५ साली प्रयोगांतून दिसलं होतं. पण ते इतक्या अत्यल्प प्रमाणात असतं की हाती लागेना. अखेर १९८१ साली अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूंमधून ते वेगळं केलं. ४१ अमिनो आम्लांची ती एक साखळी निघाली.

पीयूषिका ग्रंथीत एक मजेदार गोष्ट घडते. तिथे आधी एक लांब प्रथिन तयार होतं. त्याचे तुकडे पाडले की त्यातल्या एका तुकड्याचं एसीटीएच होतं आणि दुसऱ्याचं बीटा-एन्डॉर्फिन. बीटा-एन्डॉर्फिन अफूतल्या मॉर्फिनसारखं वेदना कमी करतं. अशी अफूसारखं काम करणारी रसायनं मेंदूतही ठिकठिकाणी असतात. कबड्डीच्या सामन्यात गुडघा सोलवटलेला असतो आणि खेळाडूला ते सामना संपल्यावरच कळतं, यात त्यांचा हात असतो. संकटाची हाक आणि वेदनेवरचा उतारा यांची सोय अशी जवळजवळ केलेली आहे.

कॉर्टिसॉलची कामाची पद्धत ॲड्रेनॅलिनपेक्षा वेगळी आहे. ते पेशीच्या आत शिरतं, पेशीतल्या ग्राही रेणूवर कुलपात किल्ली बसावी तसं बसतं, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुकं वाचली जावीत हेच बदलते. म्हणून त्याचे बरेचसे परिणाम उशिरा दिसतात आणि बराच वेळ टिकतात. ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसॉल सर्वांत जास्त असतं. ते निम्म्यावर यायला तास-सव्वा तास लागतो.

कॉर्टिसॉल शत्रू नव्हे

हल्ली कॉर्टिसॉल म्हणजे एखादं विष असावं अशा थाटात त्याबद्दल बोललं जातं. ते बरोबर नाही. टॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ साली एका आजाराचं वर्णन केलं. त्यात अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या असतात. असा रोगी अशक्त होत जातो. उपचार नसतील तर साधा ताप किंवा छोटी शस्त्रक्रियाही त्याच्या जिवावर बेतू शकते. रोज सकाळी आपण उठतो तेव्हाही कॉर्टिसॉल दिवसातल्या सर्वांत वरच्या पातळीच्या आसपास असतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असतं. उठायचं बळ देणाऱ्यांपैकी तेही एक आहे.

या दोन्ही लाटांची ओळख आपल्या वर्गातही होऊ शकते. दम्याच्या मुलांकडे बरेचदा दोन तऱ्हेचे पंप असतात. धाप लागल्यावर लगेच घ्यायच्या पंपातलं सॅल्ब्युटॅमॉल श्वासनलिकांवर ॲड्रेनॅलिनसारखं काम करतं. रोज घ्यायच्या पंपातलं स्टेरॉइड हे कॉर्टिसॉलचं भावंड. ते सूज हळूहळू कमी करतं. एक मिनिटांत काम करतो, दुसऱ्याला दिवस लागतात. निसर्गातल्याच दोन लाटा डॉक्टरांनी दोन डब्यांत भरल्या आहेत.

मग बिघडतं कुठे? हा प्रश्न कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात हॅन्स सेल्ये यांच्यासमोर आला. ते उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचून एक नवं संप्रेरक शोधत होते. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली, जठरात व्रण पडले. सेल्येंना आनंद झाला. पण दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचले तरी तेच होऊ लागलं. नुसतं फॉर्मलिन टोचलं तरी तेच. थंडीत ठेवलं, अतिश्रम करायला लावले, तरी तेच! नवं संप्रेरक हाती लागलं नाही, पण वेगळंच काही हाती आलं. त्रास कोणताही असो, शरीराचा काही प्रतिसाद ठरलेलाच असतो. त्यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात हे छोट्याशा पत्राच्या रूपात मांडलं. तिथून 'ताण' हा शब्द वैद्यकात रुळत गेला.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. माणसाच्या पोटातले व्रण ताणामुळेच होतात असं पुढे अनेक वर्षं समजलं जाई. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात दाखवलं की त्यामागे बहुतेक वेळा एक जिवाणू असतो. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पाठ्यपुस्तकातली जुनी वाक्यं अशी तपासून घ्यावी लागतात.

ताण लांबला की शरीराची दुरुस्ती मागे पडते, हे मात्र खरं आहे. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम उन्हाळी सुट्टीत केली आणि तशीच दुसरी जखम परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. १९९८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विद्यार्थी थोडे होते हे लक्षात ठेवायला हवं. पण परीक्षा फक्त डोक्यात नसते, हे त्यातून दिसतं.

थांबवणारा निरोप

या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे तिचा थांबा. साखळीचं शेवटचं रसायन कॉर्टिसॉल. तेच रक्तातून परत मेंदूत जातं आणि हायपोथॅलॅमसला व पीयूषिकेला सांगतं, "पुरे आता." टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो, तसंच हे आहे. गजर वाजवणाराच गजर बंद करतो.

१९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण केलेलं संप्रेरक टोचलं. उंदरात कॉर्टिसॉलच्या जागी कॉर्टिकोस्टेरॉन असतं. ते मेंदूत कुठे जाऊन बसतं ते त्यांनी पाहिलं. ते विशेषकरून हिप्पोकॅम्पस या भागात साठलेलं आढळलं. समुद्रघोड्यासारखा दिसणारा हा भाग नव्या आठवणी घडवण्याचं काम करतो. म्हणजे ताणाच्या संप्रेरकाला मेंदूत जी आसनं मांडून ठेवलेली आहेत, त्यातली पुष्कळशी नेमकी आठवणींच्या घरात आहेत. आपल्या फळ्यापाशी उभ्या मुलाचं कोडं इथून सुटू लागतं. हिप्पोकॅम्पस गजर थांबवायलाही मदत करतो.

गजर रोजच वाजत राहिला तर या थांब्याचीच झीज होते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास हलता येणार नाही असं ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या. उलट ॲमिग्डालामधल्या पेशींच्या फांद्या वाढल्या. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी उंदरांना २१ दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, ॲमिग्डाला मात्र तसाच राहिला. धाक देणाऱ्याला वाटतं की प्रसंग संपला. धाक सोसणाऱ्याच्या मेंदूत तो संपलेला असतोच असं नाही.

आठवण नेमकी कुठे अडते?

आता सतराच्या पाढ्याकडे वळू. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

पहिली लगेच घडते. कपाळामागचा मेंदूचा भाग ही आपल्या मनातली पाटी आहे. हातचा एक लक्षात ठेवणं, प्रश्नाचा पहिला भाग धरून दुसऱ्याकडे जाणं, ही तिची कामं. नॉरॲड्रेनॅलिन बेताचं असताना ते इथल्या एका प्रकारच्या ग्राही रेणूंवर बसतं आणि पाटी स्वच्छ राहते. ते फार झालं की दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींवरही बसू लागतं आणि पाटीवरचं पुसलं जातं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एमी आर्नस्टन यांनी हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं आहे. म्हणून थोडासा ताण उपयोगीच. जेवणातल्या मिठासारखा. मिठाशिवाय चव नाही आणि मूठभर टाकलं तर घास तोंडात धरवत नाही.

दुसरी गोष्ट उशिरा घडते. १९९८ साली दॉमिनिक द केरव्हें आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा कुठे आहे ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा. काही उंदरांना परीक्षेआधी पायाला विजेचा झटका दिला. झटक्यानंतर दोन मिनिटांत परीक्षा घेतली तर उंदीर चौथरा बरोबर शोधत. चार तासांनी घेतली तरी बरोबर. पण अर्ध्या तासाने घेतली तर जागा आठवत नसे. अर्धा तास म्हणजे संप्रेरक रक्तात शिगेला पोहोचण्याची वेळ. ते तयार होण्यापासून रोखणारं औषध दिल्यावर विसर पडला नाही. २००० साली याच गटाने निरोगी माणसांवर असा प्रयोग केला. आदल्या दिवशी शिकलेल्या शब्दांची परीक्षा घेण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली, तर शब्द कमी आठवले. तीच गोळी शब्द शिकताना दिली तर असं झालं नाही.

म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नव्हतं. कपाट भरलेलं होतं, दार तेवढं अडकलं होतं. 'दहावा नंबर माझा' म्हणत अर्धा तास पाळीची वाट पाहणाऱ्या मुलाची, किंवा वर्गाबाहेर तासभर धडधडत्या छातीने उभ्या असलेल्या परीक्षार्थीची स्थिती याहून फार वेगळी नसावी.

यात आणखी एक तिढा आहे. ताणाच्या क्षणी जे घडतं ते मात्र मेंदू घट्ट धरून ठेवतो. १९९४ साली कॅलिफोर्नियात लॅरी केहिल आणि जेम्स मॅगॉ यांनी काही लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. तिच्यात मध्ये एका मुलाला अपघात होतो. आठवड्यानंतर लोकांना तो भाग सर्वांत जास्त आठवत होता. ज्यांना आधी नॉरॲड्रेनॅलिनचा प्रभाव रोखणारं औषध दिलं होतं, त्यांना तो भाग इतर भागांपेक्षा जास्त आठवला नाही. यावरून आपल्याला आपल्या लहानपणीच्या छडीचं कोडं सुटतं. छडी कुणी मारली, कुठे उभं केलं होतं, कोण हसलं, हे चाळीस वर्षांनीही आठवतं. ती कोणत्या गणितासाठी मारली होती ते आठवत नाही.

भीती कशाने वाढते, कशाने उतरते?

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली माणसात खात्रीने ताण निर्माण करणारी एक चाचणी तयार झाली. तिच्यात सुई नाही, झटका नाही. परीक्षक मंडळींसमोर उभं राहून आधी थोडा वेळ बोलायचं. मग १०२२ मधून १३ वजा करत जायचं, मोठ्याने. चुकलं की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. एवढ्याने लोकांचं कॉर्टिसॉल दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढतं. वाचताना आपल्याला थोडं अवघडल्यासारखं होतं. प्रयोगशाळेत ताण आणण्यासाठी शोधून काढलेली ही युक्ती आपल्याकडे फळ्यापाशी रोज चालते!

२००४ साली अशा २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. दोन गोष्टी जुळून आल्या की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढतं, असं त्यात दिसलं. एक, चार लोक आपल्याला जोखत आहेत ही जाणीव. दुसरी, परिस्थिती आपल्या हातात नाही ही जाणीव.

दुसऱ्या गोष्टीबद्दल जे वाइस यांचे प्रयोग बोलके आहेत. ते १९७०च्या सुमारास रॉकफेलर विद्यापीठातच झाले. प्रयोग उंदरांसाठी क्लेशाचे होते, पण त्यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. दोन उंदरांना एकाच वेळी, अगदी सारखेच झटके मिळत. एकाला झटक्याच्या आधी सूचना देणारा आवाज ऐकू येई. दुसऱ्यालाही आवाज येई, पण कधीही, झटक्याशी संबंध नसलेला. सूचना मिळणाऱ्या उंदराच्या जठरात फार थोडे व्रण पडले, दुसऱ्याच्या जठरात पुष्कळ. दुसऱ्या एका प्रयोगात एका उंदराला चाक फिरवून झटका थांबवता येई. त्याचा थांबला की जोडीदाराचाही थांबे. झटके दोघांना सारखेच. तरीही ज्याच्या पंजाखाली चाक होतं त्याला व्रण कमी झाले.

याचा अर्थ झटका किती मोठा आहे एवढ्यावर सगळं अवलंबून नाही. तो कधी येणार हे माहीत आहे का, आणि आपल्याला काही करता येतं का, यावर बरंच अवलंबून आहे.

वर्गात करून पाहू

हा सगळा विषय नाडीवर बोट ठेवून शिकवता येतो. मुलांना जोडीजोडीने बसवावं. मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. मग ज्यांची इच्छा असेल अशा दोघा-तिघांनी वर्गासमोर येऊन ३०० मधून ७ वजा करत जावं आणि जोडीदाराने नाडी मोजावी. नंतर तेच गणित जागेवर बसून, मनात करावं. दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. कुणालाही जबरदस्तीने उठवू नये, आणि सर्वांत आधी शिक्षकांनी स्वतःची नाडी मोजू द्यावी. वर्गासमोर उभं राहून ती मोजून घेताना आपलीही वाढली तर मुलांना फार बरं वाटतं.

पुढचा भाग श्वासाचा. बोट नाडीवर ठेवून सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. श्वास सोडताना ठोके थोडे संथ पडतात, हे पुष्कळ मुलांना बोटाखाली कळतं. व्हेगस नावाची चेता हृदयाजवळ ॲसिटिलकोलीन सोडते, त्याचा हा परिणाम. चेतांचा संदेश रसायनातून जातो हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयांवर याच चेतेच्या साहाय्याने दाखवलं होतं. आपल्या शरीरातला ब्रेक आपल्या हाताशी आहे, हे मुलांना इथे प्रत्यक्ष जाणवतं.

मग आपण शिक्षकांनी काय करायचं? परीक्षा बंद करायची का? तसं नाही. मीठ टाकायचंच, पण मोजून. चाचणी कधी आणि कशावर, हे आधी सांगावं. अचानक चाचणी म्हणजे सूचनेचा आवाज न ऐकलेला उंदीर. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडा वेळ द्यावा. 'आत्ता सांगतोस की पाच मिनिटांनी सांगशील?' एवढं विचारलं तरी चाकाची मूठ मुलाच्या हातात येते. चुकल्यावर कुणी हसणार नाही, ही वर्गाची रीत करावी. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर पहिली दोन मिनिटं नुसती वाचायला द्यावीत.

काही मुलं घरूनच गजर वाजत असलेल्या अवस्थेत शाळेत येतात. घरातली भांडणं, आजारपण, उपासमार यांवर आपल्याकडे उपाय असतोच असं नाही. वारंवार पोट दुखणं, झोप न येणं, शाळेत यायला घाबरणं असं दिसलं तर पालकांशी बोलावं, डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. पण अशा मुलाच्या दिवसातले पाच-सहा तास आपल्याकडे असतात. तेवढा वेळ गजर बंद राहिला तरी ते थोडं नाही.

आणि तो सतराचा पाढा? "घरी येत होतं" असं मूल म्हणालं, तर पुढच्या वेळी ते खरं धरून चालू या. "बस जागेवर, पाणी पी, मधल्या सुट्टीत माझ्याजवळ म्हणून दाखव," असं म्हणू या. पाढा पाठ नसेलच, तर तेही तेव्हा कळेल.